दोन ओळींचं काम

माझा भाऊ माज माझ्या कामाला गेला आणि त्यातच गेला, हे आमच्या परंड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. अब्बांनीच ते सांगितलंय, एकेकाला दुकानात बसवून. त्या कामाची काही गरजच नव्हती, हे मात्र दीड महिना फक्त मला ठाऊक होतं.

मी शाहीन. आमचा गादी कारखाना आहे. कारखाना हे नुसतं पाटीवर. पुढं दुकान, त्यात कापूस पिंजायचं एक मशीन, मागं घर आणि मधे लाकडी फळ्यांची भिंत. अब्बांचं नाव सरदार, पण सरदारकी त्यांच्यात कुणी पाहिली नाही. भुवयांत कापूस, हातात गादी शिवायची लांब सुई आणि बोलणं हळू. अम्मी मी बारावीला असताना वारली. तेव्हापासून घरात आम्ही तिघंच होतो, अब्बा, मी आणि माझ्याहून तीन वर्षांनी लहान माज. घरात आम्ही दखनी बोलतो, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि भांडण रंगलं की दोन्ही. इथं सगळं मराठीतच लिहिते, वाचणाऱ्याला अडायला नको.

भांडण बहुतेक मीच काढायची. माझ्या नाकावर राग असतो, हे अम्मीनं मी सहा वर्षांची असतानाच सांगून ठेवलं होतं. माज उलट. त्याला काही लागायचंच नाही. नवी गादी भरून झाली की तो तिच्यावर आडवा व्हायचा आणि म्हणायचा, टेस्टिंग चालू आहे. एकदा टेस्टिंग करता करता गाढ झोपला, आणि गिऱ्हाईक गादी न्यायला आलं तर याला उठवायला मला पाण्याचा तांब्या आणावा लागला. गिऱ्हाईक म्हणालं, हीच द्या, चांगली आहे वाटतं.

पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम मी घरून करते. दीड वर्ष झालं. उर्दू शाळेतून दहावी, मग बार्शीला कॉलेज आणि मग ही नोकरी, तीसुद्धा वैष्णवी मॅडमनी मुलाखतीत सांभाळून घेतलं म्हणून. बाकीचे सगळे फाडफाड इंग्रजी बोलणारे. लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी मीटिंगमध्ये एक अगदी साधी गोष्ट विचारली. कुणीतरी हसलं. कोण ते कळलं नाही, सगळ्यांचे कॅमेरे बंद होते. त्या दिवशी मी ठरवलं की डोकं फुटलं तरी चालेल, पण यापुढं कुणाला काही विचारायचं नाही.

आता त्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय माझा गुन्हा कळायचा नाही. सॉफ्टवेअर लिहिताना सगळंच स्वतः लिहीत नाहीत. जगभरच्या लोकांनी करून ठेवलेले तयार भाग नेटवरून आणायचे आणि जोडायचे. ते आणून देणारा एक प्रोग्रॅम असतो, त्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. हा गडी फार धोरणी. एकदा आणलेल्या प्रत्येक भागाची एक प्रत तो आपल्या कोठीत टाकून ठेवतो, म्हणजे पुन्हा लागला तर नेटवर जायला नको. त्या कोठीला कॅश म्हणतात, पैशाअडक्याशी तिचा काही संबंध नाही. ती असते सी ड्राईव्हमध्ये, आत खोल, जिथं आपण कधी बघत नाही. ती गुपचूप फुगत जाते आणि एक दिवस लॅपटॉपला हलायला जागा उरत नाही.

उपाय दोन ओळींचा आहे. पहिल्या ओळीनं जुनी कोठी रिकामी करायची. तिच्यात नुसत्या प्रती असतात, गेल्या तर पुन्हा आणता येतात. दुसऱ्या ओळीनं पॅकेज मॅनेजरला सांगायचं की इथून पुढं तुझी कोठी डी ड्राईव्हवर. झालं काम.

आणि माझा डी ड्राईव्ह रिकामा होता. लॅपटॉप दिला त्या दुकानदारानं सांगितलं होतं, ‘ताई, सी मशीनसाठी, डी फोटो-पिक्चरसाठी.’ मी ते डोळे झाकून मानलं. डीवर मामेबहीण सानियाच्या लग्नाचे फोटो होते. बाकी मोकळं मैदान.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका दुपारी लॅपटॉप अडला. सी ड्राईव्हची पट्टी लालभडक झाली आणि काही केल्या काम पुढं सरकेना. मी वैष्णवी मॅडमना कळवलं की जागा भरली आहे, बाहेरून जोडायची नवी डिस्क आणते आणि आजचं काम उद्या देते. त्यांचा लगेच मेसेज आला. ‘अगं, डिस्क कशाला? कॅशची जागा बदल फक्त, डीवर ने. दोन ओळी आहेत, खाली देते. कॉल करू का?’ आणि खाली त्या दोन ओळी होत्या.

मी तो मेसेज नीट वाचलासुद्धा नाही. कॅश म्हणजे काय हे मला तेव्हा धड माहीत नव्हतं, आणि कॉल घेतला असता तर ते उघडं पडलं असतं. मी लिहिलं, ‘नको मॅडम, जमेल मला.’ मग दोन-तीन ठिकाणी फोन केले. मला हवी तसली डिस्क परंड्यात कुणाकडं शिल्लक नव्हती. कुर्डुवाडीत होती.

माज दुकानाबाहेर टेम्पोत गाद्या चढवत होता. मी त्याला डिस्क आणायला सांगितलं.

“उद्या सकाळी जातो की, आपा,” तो म्हणाला. “पाच वाजले. येताना अंधार व्हतोय, अन् रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लई.”

“तुला सांगितलेलं काम कधी वेळेवर जमलंय का?” मी म्हणाले. “माझी नोकरी गेली की मग निवांत जा.”

नोकरी जाणार नव्हती. मॅडम रागावल्यासुद्धा नव्हत्या. राग मला माझ्याच अडाणीपणाचा आला होता आणि तो काढायला माज समोर होता.

त्यानं अब्बांकडं बघितलं. अब्बा गादीला टाके घालत होते. मान वर न करता म्हणाले, “जा बेटा. बहिणीचं काम हाय.” माजनं अंगावरचा कापूस झटकला, मला एक सलाम ठोकला, ‘मॅडम’ म्हणाला आणि गाडी काढली.

डिस्क त्यानं घेतली. बिलावर सहा वाजून दहा मिनिटं छापलेली आहेत. येताना अर्ध्या वाटेवर उसाची एक ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती. मागं ना लाल दिवा, ना दगड, ना झाडाची फांदी. समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यांवर आला असणार, असं पोलीस म्हणाले. माज तेवीस वर्षांचा होता.

तिसऱ्या दिवशी कबरीवर जियारतची दुआ झाली आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी अब्बा पोलिसांकडून एक पिशवी घेऊन आले. घड्याळ, पाकीट, बिल आणि खोक्यातली डिस्क. खोक्याचा एक कोपरा चेपला होता, आत काही झालं नव्हतं. अब्बांनी ती डिस्क दोन्ही हातांनी माझ्या टेबलावर ठेवली.

“तुझ्या कामाची चीज हाय. वापर,” ते म्हणाले. “ह्याच्यासाठीच गेलता त्यो.”

मी वापरली. कामाच्या सगळ्या फायली तिच्यावर नेल्या. अठरा दिवसांत सी ड्राईव्ह पुन्हा लाल झाला, कारण कोठी होती तिथंच होती आणि फुगतच होती. तेव्हा मी मॅडमचा तो जुना मेसेज उघडला आणि पहिल्यांदा पुरता वाचला. दोन ओळी टाकल्या. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत, पट्टी लालाची निळी झाली. मी न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि तोंडात ओढणीचा बोळा घालून रडले. माजसाठी आधी रडले होते. हे रडणं वेगळं होतं, याच्यात स्वतःची किळस होती.

त्याच दिवशी अब्बांना सांगायला हवं होतं. पण एव्हाना अब्बांनी एक आधार धरला होता. पोरगा गाडीवर गेला म्हटलं की लोक एकच विचारतात, लई जोरात होता का? कुठं उंडगायला गेलता? तसं कुणी विचारायच्या आत अब्बा सांगून मोकळे व्हायचे. “बहिणीच्या नोकरीची चीज आणायला गेलता. रिकामा फिरत न्हवता. ती चीज आली म्हणून तिची नोकरी टिकली.” हे शेवटचं माझ्याच तोंडच्या वाक्यातून त्यांनी काढलं होतं. नोकरी जाईल असं मी माजला म्हणाले, ते त्यांनी ऐकलं होतं.

येरमाळ्याहून गादी न्यायला आलेलं गिऱ्हाईक असो नाही तर मशिदीत भेटलेला कुणी लांबचा पाहुणा, अब्बा प्रत्येकाला हे सांगायचे. समोरचा माणूस मान हलवायचा, ‘नेक पोरगा’ म्हणायचा, आणि अब्बांची सुई पुन्हा चालू व्हायची. फळ्यांच्या आडून मी रोज ऐकायची. त्या बोलण्यावर त्यांचा दिवस उभा होता, आणि त्यातली ‘म्हणून टिकली’ ही गोष्ट खोटी होती, आणि ते खोटं माझं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत मी ते ढकलत राहिले. सबर करणाऱ्या, मुकाट सोसणाऱ्या माणसाचा सबर मोडायला पण हिंमत लागते, आणि माझी सगळी हिंमत ओरडण्यापुरती.

चाळिसाव्याला माजचे कपडे वाटले. चपला, स्वेटर, सगळं. बिल मात्र अब्बांनी ठेवलं, गल्ल्यात, अगदी वर. दिवसातून एकदा ते माझ्या टेबलापाशी यायचे आणि डिस्कचा बारका निळा दिवा लुकलुकताना बघायचे.

“चालती न्हवं?”

“चालती, अब्बा.”

तिच्यावर तेव्हा काहीच नव्हतं. फायली मी कधीच परत लॅपटॉपवर आणल्या होत्या. दिवा लागावा म्हणून मी तिला रोज सकाळी नुसती जोडून ठेवायची.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका संध्याकाळी निकिता आली, वडिलांच्या गाडीवर मागं बसून, लॅपटॉप छातीशी धरून. तिचे वडील उत्तरेश्वरकाका. तीन कोसांवर त्यांचं शेत आहे, आणि घरातल्या गाद्या वर्षानुवर्षं आमच्याकडूनच भरून नेतात. निकिता बार्शीला माझ्याच कॉलेजात शिकते. दुसऱ्या दिवशी तिला प्रोजेक्ट दाखवायचा होता आणि ऐन वेळी लॅपटॉप अडला होता.

तिनं तो दुकानातल्या गाद्यांच्या चळतीवरच उघडला. अब्बा शेजारी बसलेले. मी वाकून बघितलं. सी ड्राईव्हची पट्टी लाल, तोच पॅकेज मॅनेजर, तीच फुगलेली कोठी.

“जागाच न्हाय म्हनतंय त्यात,” काका अब्बांना म्हणाले. “सरदारभाई, तुमच्या माजनं आनलीती तसली डिस्क आनावी लागंल. कुठल्या दुकानातनं आनलीती?”

अब्बा उठले. गल्ला उघडून बिल काढलं, गुडघ्यावर ठेवून हातानं सपाट केलं आणि काकांना दिलं. “स्टेशनाच्या रस्त्याला हाय. ह्याच्यावर नाव हाय बघा. साडेसातपातूर उघडं असतंय. चांगली चीज हाय, आमची अजून चालती.”

बोलताना त्यांचा चेहरा उजळला होता. हे लिहायला मला जड जातंय, पण उजळला होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माजचं नाव हळहळायला नाही, कामासाठी घेतलं होतं.

“मग आत्ताच जातो,” काका म्हणाले. “साडेपाच तर झालेत. दीड-दोन तासांत माघारी.”

“काका, लॅपटॉप ठेवून जा माझ्याकडं,” मी म्हणाले. “मी बघते काय होतंय ते. सकाळी न्या.”

आत नेऊन गुपचूप दोन ओळी टाकीन, मग काहीतरी सांगीन, असं मी मनात ठरवलं होतं. भित्र्या माणसाला असल्या पळवाटा लगेच सुचतात.

“सकाळी आठला हिची एस्टी हाय. अन् तुझं काम सोडून तू कशाला खोळंबा करतीस? रस्ता काय नवा हाय का मला?”

निकितानं माझ्याकडं बघितलं. “दीदी, डिस्क आणल्याशिवाय व्हनारच न्हाय का?”

हा प्रश्न मी दीड महिना स्वतःला विचारत होते. मी तोंड उघडायच्या आत अब्बांनीच उत्तर दिलं. “न्हाय व्हत, बेटा. शाहीनचं बी असंच झालतं. डिस्कच लागती.” आणि माझ्याकडं बघून म्हणाले, “व्हय न्हवं?”

 काकांनी बिलाची घडी करून शर्टाच्या खिशात घातली, बाहेर जाऊन गाडीला किल्ली लावली आणि किक मारली. पहिल्या किकला गाडी लागली नाही. रस्त्यानं उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागं एक डुलत चालल्या होत्या. मागच्या ट्रॉलीला दिवा नव्हता. उसाची वाढी, लोंबते हिरवे शेंडे, रस्त्यावर घासत होती. काकांनी दुसरी किक मारली.

“काका, जाऊ नका,” मी म्हणाले. आवाज असा निघाला की निकिता दचकली.

“का गं?”

“डिस्क लागत नाही. माझ्यासमोर बसा. आत्ता होईल.”

मी गादीवर बसले. निकिताला विचारलं, डी ड्राईव्हवर काय आहे? ती म्हणाली, “कायच न्हाय, दीदी. दुकानदार म्हनला फोटोसाठी ठेवा.” मी पहिली ओळ टाकली आणि कोठी रिकामी केली. अठरा जीबी होतं त्यात. दुसऱ्या ओळीनं कोठीची जागा बदलली. पट्टी अर्ध्यावर आली आणि निळी झाली. निकितानं प्रोजेक्ट चालवून बघितला, चालला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसायला लागली.

“एवढंच व्हतं?” काका म्हणाले. ते पण हसत होते. “म्हंजे काखेत कळसा न् गावाला वळसा म्हनायचं की हे.”

वाक्य संपता संपता त्यांचं हसू गेलं. त्यांनी अब्बांकडं बघितलं नाही. खिशातलं बिल काढून हळूच गल्ल्यावर ठेवलं, “चल गं,” असं निकिताला म्हणाले, आणि गाडी न सुरू करता थोडं अंतर नुसती ढकलत नेली.

अब्बा होते तिथंच होते. त्यांनी सगळं बघितलं होतं, पट्टी लाल होती ती आणि निळी झाली ती. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, पण तेवढं बघायला वाचता यावं लागत नाही.

“हे तुझ्या लॅपटॉपवर झालं असतं का?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“त्या दिवशी?”

“हो, अब्बा.”

त्यांनी गादीवरची सुई उचलली. मग म्हणाले, “तुला ठावं न्हवतं.”

ते विचारत नव्हते. मला वाट करून देत होते. हो म्हणाले असते तर अर्धं खरंही होतं, आणि आम्ही दोघं त्या अर्ध्यावर उरलेली वर्षं काढली असती. पण मघाशी ती किक ऐकल्यापासून माझ्यात खोटं बोलायची ताकद राहिली नव्हती.

“मॅडमनी सांगितलं होतं. त्याच दुपारी. मेसेज केला होता, फोन करून दाखवू का म्हणाल्या होत्या. मी नको म्हणाले.”

“का?”

“मला येत नाही हे त्यांना कळलं असतं. मला लाज वाटली विचारायची.”

“लाज वाटली,” अब्बा म्हणाले. सुई त्यांच्या बोटांत होती, ती त्यांनी गादीत खोचून ठेवली. “अन् नोकरी?”

“जाणार नव्हती. मी रागात म्हणाले होते.”

“अन् ती डिस्क?”

“तिच्यावर काही नाही. तुम्ही बघता म्हणून जोडून ठेवते.”

आता ते ओरडतील असं मला वाटलं. मला तेच हवं होतं. आयुष्यात अब्बा माझ्यावर कधी ओरडले नाहीत, आज ओरडले असते तर मी पाय धरले असते. ते ओरडले नाहीत.

“म्याच जा म्हनलो त्याला,” ते म्हणाले. “त्यो उद्या जातो म्हनत व्हता. काम हाय म्हनून म्हनलो म्या.” मग बऱ्याच वेळानं म्हणाले, “मला तुझा राग आलाय, शाहीन. लई राग आलाय. आता माझ्याम्होरं थांबू नगंस.”

मी आत गेले. फळ्यांच्या पलीकडं काहीच आवाज नव्हता. एक गिऱ्हाईक आलं, तक्क्याचा भाव विचारला, अब्बांनी तेवढाच सांगितला. गिऱ्हाईक म्हणालं, “पोराचं ऐकलं, वाईट झालं. कसं काय झालं?”  अब्बा म्हणाले, “गाडीवर व्हता.” पुढं काहीच नाही. गिऱ्हाइकानं विचारलं, जोरात होता काय? अब्बा म्हणाले, “ठावं न्हाय.”

त्यांच्या तोंडून मी काय काढून घेतलं होतं, ते मला तेव्हा पुरतं कळलं.

दिवेलागणीला मगरिबची अजान झाली, ते मशिदीत जाऊन आले. मी भाकरी टाकल्या, आमटी गरम केली. दस्तरखानावर दोन ताटं मांडली. ते येतील की नाही कळत नव्हतं, पण आले. हात धुऊन बसले. मी वाढलं, त्यांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला. माझ्याकडं बघत नव्हते. मी भाकरीचा तुकडा मोडून तसाच धरून होते. काही बोलावं तर त्यांनी समोर थांबू नको म्हणून सांगितलेलं, आणि उठून जावं तर वाढणारं दुसरं कुणी घरात नाही.

तिसऱ्या घासाला त्यांचा हात थांबला.

“उत्तरेश्वर पोचला आसंल का घरी?”

“पोचले असतील, अब्बा. त्यांचं गाव काही त्या रस्त्याला नाही.”

“आसंल-बिसंल नगं. फोन लाव.”

मी निकिताला फोन लावला. तिनं उचलला, मागं भांड्यांचा आवाज येत होता. “मघाशीच आलो की दीदी,” ती म्हणाली. “प्रोजेक्ट मस्त चालतोय. बाबा जेवायला बसलेत.” पाठीमागून काकांचा आवाज आला, “कोन हाय गं? आगं, आमटी वाढ आधी.” मी ‘काही नाही, सहज केला’ म्हणून फोन ठेवला.

“जेवतोय?” अब्बांनी विचारलं.

“हो. आत्ताच बसलेत.”

“बरं झालं,” ते म्हणाले. “जेवू दे.”

त्यांनी घास ताटात ठेवला. दोन्ही हात मांडीवर घेतले. दारातून दिसणाऱ्या अंगणाकडं बघत राहिले. तिथं माजची गाडी लागायची.

“आपला बी ह्याच टायमाला आला असता,” ते म्हणाले. “जेवायला.”

आणि ते रडायला लागले. मय्यत घरी आणली तेव्हा ते रडले नव्हते, मातीच्या वेळी नाही, चाळिसाव्यालाही नाही. लोक म्हणायचे, सरदारभाईंचा सबर बघा. आता त्यांचे खांदे हलत होते आणि भुवयांतला कापूस ओला होत होता, आणि त्यांना ते पुसायचंही सुचत नव्हतं.

मी त्यांच्याजवळ जायला उठले. त्यांनी मान वर न करता हात पुढं केला आणि मला तिथंच थांबवलं. मी पुन्हा माझ्या ताटापाशी बसले.